ऐकत नाही, समजत नाही की मानत नाही? बालमानसोपचाराच्या ओपीडीत लहान मुलांची भाषा तपासताना

"ऐकतच नाही हो मॅडम, अजिबात ऐकत नाही."

ओपीडीत पहिल्याच आठवड्यात हे वाक्य तुमच्या कानावर इतक्यांदा पडेल, की केसपेपरवर 'चंचल, हट्टी' असं हात आपोआप लिहायला लागेल. तिथे जरा थांबा. मराठीत 'ऐकणं' हे एकच क्रियापद तीन कामं करतं. आवाज कानावर पडणं, पडलेल्या आवाजाचा अर्थ लागणं आणि अर्थ लागल्यावर सांगितलेलं मानणं. आईची तक्रार तिसऱ्याची असते. आपणही मग पहिली दोन तपासायचं सोडून थेट तिसऱ्यावर उपचार सुरू करतो.

टोरांटोच्या नॅन्सी कोहेन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. फक्त वर्तनाच्या वा भावनिक तक्रारींसाठी मानसोपचाराकडे पाठवलेल्या ४ ते १२ वर्षांच्या मुलांची भाषा त्यांनी तपासली. सुमारे एक तृतीयांश मुलांना भाषेची अडचण निघाली आणि तोवर कुणाला तिचा संशयही आलेला नव्हता. हे चाचण्यांची कमतरता नसलेल्या देशातलं. आपल्या सोलापुरात एकाच गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू नांदते, तांड्यावरून आलेलं लेकरू बंजारा बोलतं, आणि शाळेची पाटी मात्र इंग्लिश मीडियमची असते. इथे अंदाजाने काम भागत नाही.

मानसोपचाराचे नवे रेसिडेंट, क्लिनिकल सायकॉलॉजीचे विद्यार्थी, समुपदेशक आणि नुकतंच काम सुरू केलेले स्पीच थेरपिस्ट यांच्यासाठी हे लिहिते आहे. मुलं साधारण दीड ते सहा वर्षांची धरली आहेत.

आधी डबा भरा

छापील चित्रकार्डांचा संच ओपीडीत असतोच, पण त्यातला टोस्टर, बर्फाचा माणूस, अननस आमच्या बऱ्याच लेकरांनी पाहिलेलाच नसतो. न पाहिलेल्या वस्तूचं नाव आलं नाही याला भाषेची अडचण म्हणत नाहीत. म्हणून एक जुना स्टीलचा डबा घ्या आणि त्यात घरातल्या वस्तू टाका: वाटी, चमचा, कंगवा, टिकल्यांचं पाकीट, छोटी बाहुली, चेंडू, प्लास्टिकचा कुत्रा आणि मांजर, एक गाडी, कापडाचा तुकडा. माझ्या डब्यात चादरीचा एक हातभर तुकडा आहे, मोराच्या नक्षीचा. बाहुलीला झोपवायला तो लागतोच, आणि ज्या घरात माग चालतो तिथलं पोरगं तो पाहताच तोंड उघडतं. विडी वळणाऱ्या आईचं मूल असेल तर सूप, पान, कात्री हे शब्द त्याला कार्डावरच्या फळांच्या आधी येतात. तेही विचारा.

खोलीत पंखा फार आवाज करत असेल तर तपासणीपुरता बंद करा. उन्हाळ्यात हा सल्ला क्रूर वाटेल, पण दहा मिनिटं सहन होतं. आणि मूल आत आल्याआल्या "नाव काय तुझं? कोणत्या शाळेत जातो?" असं सुरू करू नका. अनोळखी माणसाने थेट विचारलेला प्रश्न हा मुलासाठी बोलण्याचा सगळ्यात अवघड प्रकार असतो. डबा खाली ठेवा, झाकण अर्धं उघडं ठेवा, आणि आईशी बोलायला लागा.

पहिली पायरी: कान

ही पायरी कधीच वगळायची नाही. समोरच्या मुलात ऑटिझमची सगळी लक्षणं दिसत असली तरी नाही.

"थाळी वाजवली की बघतो, टीव्हीचा आवाज आला की धावतो, म्हणजे ऐकू येतं," असं घरचे सांगतात. थाळीचा आवाज मोठा असतो. मधल्या किंवा उंच पट्टीचे आवाज ऐकू न येणारं मूलही थाळीकडे वळतं, आणि 'स', 'श', 'त', 'क' मात्र त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. सतत सर्दी असणाऱ्या, कान वाहणाऱ्या मुलांत पडद्यामागे पाणी साचून ऐकणं महिन्यामहिन्याला कमीजास्त होतं. अशा मुलाची आई म्हणते, "मनात आलं तर ऐकतो." तिला तो मूडी वाटतो.

म्हणून कान-नाक-घसा विभागाकडून कान तपासून घ्या आणि वयाप्रमाणे ओएई (आतल्या कानाची तपासणी), बेरा (आवाज मेंदूपर्यंत पोचतो का याची तपासणी) किंवा खेळातून घेतलेली ऑडिओमेट्री (ऐकण्याची मोजणी) करून घ्या. विचारायचे प्रश्न ठरलेले आहेत. जन्मल्यावर लगेच रडलं का, काचेच्या पेटीत किती दिवस होतं, कावीळ इतकी वाढली होती का की रक्त बदलावं लागलं, मेंदूज्वर झाला होता का, घरात कुणाला लहानपणापासून ऐकू येत नाही का. नात्यात लग्न आहे का हेही विचारा. मामाच्या मुलीशी किंवा मामाशी झालेलं लग्न आपल्या भागात नवलाचं नाही. विचारताना चेहऱ्यावर काही येऊ देऊ नका. रिपोर्ट येईपर्यंत केसपेपरवर 'श्रवण तपासणी बाकी' असं ठळक लिहा आणि निदानाच्या जागी प्रश्नचिन्ह टाका.

दुसरी पायरी: घरातल्या भाषांचा नकाशा

"घरी कोणती भाषा बोलता?" हा प्रश्न निरुपयोगी आहे. पांढऱ्या कोटातल्या माणसाला बहुतेक जण "मराठीच की" असं उत्तर देतात. त्याऐवजी दिवस विचारा. सकाळी उठवतं कोण, ते कोणत्या भाषेत? दुपारी मूल कुणाजवळ असतं? झोपताना आजी काय बोलते? भांडताना आईवडील कोणती भाषा वापरतात? हा शेवटचा प्रश्न हसत हसत विचारला की खरी घरभाषा बाहेर येते.

मी हा नकाशा केसपेपरच्या मागच्या बाजूला काढते. मधे मूल, भोवती माणसं, प्रत्येक रेषेवर भाषा आणि दिवसातले साधारण तास. शहराच्या पूर्व भागातल्या एखाद्या पद्मशाली (तेलुगूभाषिक विणकर समाजाच्या) घरात आजी तेलुगू, आई तेलुगू-मराठी मिसळून, गल्लीतली पोरं मराठी, शाळेच्या बाई इंग्रजी आणि मोबाईल हिंदी, असं चित्र निघतं. अक्कलकोट किंवा दक्षिण सोलापूरकडच्या घरात तेलुगूच्या जागी कन्नड.

आता शब्द मोजताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. मूल पाण्याला आजीजवळ 'नीळ्ळु' आणि अंगणवाडीत 'पाणी' म्हणत असेल तर ते दोन शब्द आहेत. कन्नड घरात 'नीरु' म्हणेल, तोही शब्दच. सगळ्या भाषांतले शब्द एकत्र मोजा. फक्त मराठीतले मोजलेत तर धडधाकट दुभाषी मूलही मागे पडलेलं दिसेल. दोन भाषांमुळे मुलाच्या भाषेत बिघाड होत नाही. खरी अडचण असेल तर ती त्याच्या सगळ्या भाषांत दिसते, आणि तुमची पहिली कसोटी हीच.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. नवीन होते तेव्हा चारेक वर्षांची एक मुलगी अर्धा तास माझ्यासमोर गप्प बसली. मी 'अभिव्यक्ती अत्यल्प' लिहिलं आणि पुढचा नंबर पुकारला. पाणी प्यायला व्हरांड्यात गेले तर तीच मुलगी चिक्कीच्या तुकड्यावरून भावाशी तेलुगूत तावातावाने भांडत होती, लांबलचक वाक्यांत. मी परत आत गेले आणि केसपेपर मागवून घेतला.

इतिहास घेताना तारखा विचारून उपयोग नाही. "पहिला शब्द कितव्या महिन्यात?" याला उत्तर अंदाजाचं मिळतं. सण आणि जत्रा (इथे सिद्धेश्वराची जत्रा, म्हणजे गड्डा) विचारा. "मागच्या गड्ड्याला पाळण्याजवळ नेलं होतं, तेव्हा काय म्हणाला?" "गणपतीत आरतीला काय म्हणायचा?" सोलापूरच्या आईला जानेवारीतला गड्डा वर्षाच्या मोजपट्टीसारखा आठवतो. त्यातून वय काढा.

आणि एक प्रश्न स्वतंत्रपणे, थांबून विचारा: "आधी बोलत होता आणि मग बोलणं गेलं, असं झालं का?" आलेली भाषा गेली तर कोणत्याही वयात ती धोक्याची घंटा आहे. दीड-दोन वर्षांच्या आसपास शब्द गेले तर ऑटिझमचा विचार आधी येतो. साधारण ३ ते ७ वर्षांत, नीट बोलणाऱ्या मुलाची समज अचानक ढासळली, आईला वाटलं की बहिरं झालं, तर लँडाऊ-क्लेफनर सिंड्रोमचा विचार करा. १९५७ मध्ये प्रथम वर्णन झालेला, अपस्माराशी जोडलेला हा दुर्मिळ आजार आहे. यात फिट दिसतीलच असं नाही, म्हणून झोपेतला ईईजी (मेंदूच्या लहरींचा आलेख) मागवा. हा रुग्ण वेटिंग लिस्टवर ठेवायचा नसतो.

तिसरी पायरी: नुसतं बघा

आईशी बोलताना डोळ्याच्या कोपऱ्यातून मुलाकडे लक्ष ठेवा. डब्यातल्या वस्तूंचं ते काय करतं? चमचा बाहुलीच्या तोंडाशी नेतं, कापड पांघरतं, की गाडीचं चाकच फिरवत बसतं? लटक्या खेळाचं आणि भाषेचं जवळचं नातं आहे; एखादी गोष्ट दुसऱ्या गोष्टीच्या जागी चालते हे दोन्हीकडे कळावं लागतं.

बोट दाखवणं दोन प्रकारचं असतं, हे नव्या माणसाच्या लक्षात येत नाही. खिडकीतल्या बाटलीकडे बोट करून 'दे' म्हणणं हे मागणं झालं. खिडकीबाहेरच्या माकडाकडे बोट करून, आईकडे वळून बघून, पुन्हा माकडाकडे बघणं हे दाखवणं झालं. पहिलं असून दुसरं नसेल तर नोंद करा. पाणी हवं असताना मूल आईचं मनगट धरून ते बाटलीकडे ढकलतं का, हेही बघा.

धोक्याच्या खुणा तोंडपाठ हव्यात. १२ महिन्यांपर्यंत 'बाबाबा-दादादा' नाही, बोट दाखवणं किंवा टाटा करणं नाही. १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही. २४ महिन्यांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडणं नाही ('पाणी दे', 'बाबा गेला'). तीन वर्षांच्या मुलाचं बोलणं परक्या माणसाला साधारण तीन चतुर्थांश कळावं, चार वर्षांच्या मुलाचं जवळपास सगळं.

चौथी पायरी: समज, आणि इथे घाई नको

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, कारण "समजतं त्याला सगळं, फक्त बोलत नाही" असं आई मनापासून सांगते. तिच्या दृष्टीने ते खरंही असतं. ती चप्पल हातात घेऊन दाराशी उभी राहते आणि म्हणते, "चल, चप्पल घाल." मूल चप्पल घालतं. एक शब्दही न कळता हे जमतं, कारण दार, चप्पल, आईची नजर, रोजची वेळ हे सगळं मिळून वाक्य पूर्ण करतं.

एक प्रसंग सांगते. तपशील बदलले आहेत. साडेचार वर्षांचा मुलगा, 'हायपर आहे, वर्गात बसत नाही' म्हणून शाळेने पाठवलेला. आई विड्या वळते. मी वाटी, चमचा, कंगवा आणि चेंडू एका ओळीत मांडले. "चमचा वाटीत ठेव," म्हणताना माझी नजर वाटीकडे गेली, हातही थोडा सरकला. त्याने लगेच ठेवला. आई खूश. मग मी दोन्ही हात मांडीवर ठेवले, नजर त्याच्या कपाळावर ठेवली आणि त्याच सुरात म्हणाले, "कंगवा कापडाखाली ठेव." तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग माझ्या हातांकडे. हात हलेनात. त्याने कंगवा उचलून माझ्या हातात दिला, छान हसला, आणि खुर्चीवर चढून पंख्याचं बटण दाबायला गेला. आई ओरडली, "बघा, असं करतो!" मी तेलुगू येणाऱ्या मावशींना बोलावून तीच सूचना तेलुगूत द्यायला लावली. पुन्हा तेच. पुढच्या दहा सूचनांत तो पाच वेळा पळाला, आणि पाचही वेळा सूचना अवघड होती. सोप्या सूचनांना तो जागेवर बसून होता.

म्हणून सूचना देताना कागदावर दोन रकाने करा: सूचना पाळली का, आणि न पाळता काय केलं. चंचलपणा नेमका केव्हा उसळतो हे त्यातून दिसतं. एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलपणाचा विकार) असलेलं मूल सोप्या सूचनेलाही भरकटतं, आणि लक्ष वेधून घेतलं की अवघडही करून दाखवतं. अर्थात दोन्ही एकत्र असू शकतात, आणि अनेकदा असतात.

सूचना वयाप्रमाणे चढत्या ठेवा. दीड वर्षाच्या मुलाला "चेंडू दे", "नाक कुठंय?" दोन वर्षांच्या मुलाला "बाहुलीला चमचा दे". तीन वर्षांचं मूल वर-खाली-आत, लहान-मोठं आणि दोन कामांची सूचना पेलायला लागतं: "चमचा वाटीत ठेव आणि चेंडू मला दे." चार वर्षांनंतर "तहान लागली तर काय करशील?" विचारा. काय, कुठे, कोण हे प्रश्न आधी कळतात, का आणि कधी नंतर. "आजी का रडली?" याला मूल "घरी" असं उत्तर देत असेल तर ते उद्धट नाही, त्याला 'का' कळलेला नाही.

मोठ्या मुलांसाठी माझी आवडती सूचना म्हणजे कुत्रा आणि मांजर समोर ठेवून "कुत्र्याला मांजराने ढकललं, करून दाखव." मराठीत कुणी काय केलं हे 'ने' आणि 'ला' सांगतात, शब्दांचा क्रम नाही. फक्त पहिला शब्द आणि नेहमीचा अनुभव धरून चालणारं मूल कुत्र्याकडून मांजराला ढकलवतं. तशीच दुसरी: "कंगवा द्यायच्या आधी चेंडू दे." लहान मुलं इथे चुकणारच, पण पहिलीत जायच्या वयाचं मूल दर वेळी चुकत असेल तर वर्गातल्या बाईंची निम्मी वाक्यं त्याच्या डोक्यावरून जातात, हे रिपोर्टमध्ये लिहा. एकदा चुकलं म्हणून निष्कर्ष काढू नका. वस्तू बदलून तीनदा विचारा.

आणि सूचना इथल्या बोलीत द्या. "कृपया चेंडू उचल" असं आमच्याकडे कुणी म्हणत नाही. "चेंडू दे की," "बस की इथं," असं म्हटलं की मुलाचे खांदे सैल पडतात.

पाचवी पायरी: बोलणं जसंच्या तसं लिहा

आईची लेखी परवानगी घेऊन दहा-पंधरा मिनिटं मूल आणि आई किंवा भावंड खेळत असताना रेकॉर्ड करा. विभागाच्या उपकरणावर करा, स्वतःच्या व्हॉट्सअॅपवर ते फिरता कामा नये. मग निदान ५० वाक्यं, शक्यतो त्याहून जास्त, मूल जशी बोललं तशीच उतरवून काढा. सुधारून लिहायचा मोह फार होतो. 'भाकली दे' ऐकलं तर 'भाकरी दे' लिहू नका.

उतरवल्यावर बघायचं काय? वाक्यात किती शब्द येतात. क्रियापदं आहेत की नुसती नामं. प्रत्यय लागतात का: घरात, आईला, बाबाने. भूतकाळ-भविष्यकाळ वेगळे होतात का. 'ते', 'हे', 'असं' यांच्यावरच गाडी चालते का. शब्द न सापडणारं मूल "ते दे ना ते" म्हणत हातवारे करतं.

इथे बोली आणि बिघाड यांची गल्लत फार होते. "काय करायलास?" "मी जायलोय" ही इथली मराठी आहे, चूक नाही. तेलुगू किंवा कन्नड घरातलं मूल "भाकरी दिला", "गाडी आला" म्हणेल. त्या भाषांत निर्जीव वस्तूंना मराठीसारखं स्त्रीलिंग-पुल्लिंग नसतं, त्यामुळे आमच्या तीन लिंगांत ते गोंधळतं, आणि त्याचे आईवडीलही गोंधळतात. दिवसभर आई आणि बहिणींत असलेला अडीच वर्षांचा मुलगा "मी आले" म्हणतो. तेही वयानुसार सुटतं. र, ळ यांसारखे आवाज उशिरा येतात, त्यांची काळजी तीन वर्षांच्या मुलात करू नका.

वेगळं काय हे ओळखायला शिका. "तुला पाणी पाहिजे?" असं म्हणून स्वतःसाठी पाणी मागणं, जाहिरातीतलं वाक्य त्याच सुरात जागा सोडून पुन्हापुन्हा म्हणणं, एबीसीडी आणि इंग्रजी रंग फाडफाड म्हणणं पण 'आई, ये' न म्हणणं. शेवटच्या प्रकारात पालक अभिमानाने मोबाईलवरचा व्हिडिओ दाखवतात. पूर्ण बघा, कौतुक करा, आणि मग विचारा की भूक लागल्यावर तो काय करतो.

सहावी पायरी: चाचण्या, त्यांच्या जागी

मुद्दाम इतक्या उशिरा सांगते आहे, कारण नवे लोक चाचणीनेच सुरुवात करतात आणि आकड्यावर थांबतात. तिरुवनंतपुरमच्या चाइल्ड डेव्हलपमेंट सेंटरमध्ये तयार झालेली 'लेस्ट' ही भाषा तपासणी ० ते ३ आणि ३ ते ६ वर्षांसाठी आहे. ती झटपट होते आणि ओपीडीला सोयीची आहे. अगदी लहान मुलांसाठी 'रील्स' वापरतात. ती बरीचशी आईच्या सांगण्यावर चालते, म्हणून चप्पलचा किस्सा आठवून प्रत्येक उत्तर उलटतपासा. ऑटिझमच्या चाळणीसाठी १६ ते ३० महिन्यांत 'एम-चॅट-आर': २० प्रश्न, ० ते २ कमी धोका, ३ ते ७ ला पाठपुराव्याची मुलाखत, ८ आणि पुढे थेट पूर्ण तपासणी. 'इसा' या ऑटिझम मोजण्याच्या भारतीय चाचणीत ४० मुद्दे आहेत आणि ७० गुणांपासून ऑटिझम धरतात. त्यात भाषेचे मुद्दे आहेत, पण ती भाषेची चाचणी नव्हे.

आयत्या वेळी इंग्रजी चाचणीचं तोंडी भाषांतर करून गुण देऊ नका. भाषांतरात प्रश्न सोपा किंवा अवघड होतो आणि तिथले निकष इथे लागू होत नाहीत. केलंच तर गुण न लिहिता 'मुलाने काय केलं' एवढंच लिहा. म्हैसूरच्या वाक्-श्रवण संस्थेत, जी १९६५ पासून आहे, कन्नडसाठी चाचण्या तयार झाल्या आहेत. कन्नड घरातल्या मुलासाठी आपल्या स्पीच थेरपिस्टना त्यांबद्दल विचारा.

दुभाषी म्हणून मुलाच्या मोठ्या बहिणीला बसवू नका. ती प्रेमापोटी उत्तर सुचवते. तेलुगू-कन्नड येणाऱ्या सिस्टर किंवा मावशी प्रत्येक वॉर्डात सापडतात. त्यांना आधी पाच मिनिटं समजावून सांगा: हात हलवायचे नाहीत, पुन्हा सोपं करून सांगायचं नाही, मूल जे म्हणालं तेच सांगायचं.

सातवी पायरी: वेगळं करणं

समज आणि बोलणं दोन्ही मागे, खेळ-चालणं-जेवणं हेही मागे, तर बौद्धिक विकासाची तपासणी. भाषा मागे, पण खेळ, हावभाव, नजरेला नजर, कोडी जुळवणं वयाप्रमाणे, कान ठीक, तर डेव्हलपमेंटल लँग्वेज डिसऑर्डरकडे, म्हणजे भाषेच्याच विकासातल्या विकाराकडे, वळा. आयसीडी-११ या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात हेच नाव आहे. हा प्रकार दुर्मिळ नाही. इंग्लंडमधल्या एका मोठ्या पाहणीत, २०१६ मध्ये, शाळेत नुकत्याच आलेल्या मुलांत भाषेच्या विकाराचं प्रमाण ७ टक्क्यांच्या पुढे आलं. म्हणजे तीस मुलांच्या वर्गात दोन.

घरी भरभरून आणि शाळेत महिनाभराहून जास्त काळ अवाक्षर नाही, तर सिलेक्टिव्ह म्युटिझम. शाळेचा पहिला महिना त्यात धरत नाहीत, आणि नवी भाषा शिकताना मुलं काही काळ गप्प राहतात हेही लक्षात ठेवा. घरचं रेकॉर्डिंग मागवलं की हा प्रश्न बहुतेक वेळा तिथेच सुटतो. घरात मारहाण, दारू, आईचं नैराश्य असेल तर गप्पपणाचं मूळ तिथे शोधा, पण भाषा तपासल्याशिवाय सगळा दोष घरावर टाकू नका.

आईवडिलांना काय सांगायचं

"बाप पण पाच वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता, बोलेल हा पण." हे आजी हमखास म्हणते. नम्रपणे सांगा की घरात कुणी उशिरा बोललेलं असेल तर या लेकराला लवकर तपासायला हवं. जीभ चिकटली आहे म्हणून बोलत नाही, हाही समज घट्ट आहे. जिभेखालचा पडदा घट्ट असला तर काही आवाजांना त्रास होऊ शकतो, पण शब्द न येणं, न समजणं याचं ते कारण नाही. वेखंड उगाळून जिभेला लावतात, त्यावरून रागावू नका. नाहीतर ते पुढच्या वेळी येणारच नाहीत.

मोबाईलबद्दल जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ चा सल्ला सरळ सांगा: दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत दिवसाला एका तासाहून जास्त नको. पण मोबाईल बंद केला की बोलायला लागेल असं आश्वासन देऊ नका. विडीचा हिशेब पुरा करायला बसलेली आई मूल शांत राहावं म्हणून फोन देते. तिला "सूप मांडीवर असतानाच पानाचं, कात्रीचं नाव सांगत जा, त्याने बोट दाखवलं की थांबून दोन शब्द बोल," असं सांगितलं तर ते तिच्या दिवसात बसतं.

"घरात फक्त इंग्रजी बोला" असा निरोप काही शाळांकडून येतो. आईला जी भाषा मोकळेपणाने येते तीच तिने बोलावी, हे स्पष्ट सांगा आणि शाळेला चिठ्ठीत लिहून द्या. तेलुगू बंद केली तर मूल आजीपासून तुटतं आणि त्याला मिळणारी सगळ्यात समृद्ध भाषा जाते.

रिपोर्ट लिहिताना 'स्पीच डिले' या दोन शब्दांवर भागवू नका. समज कोणत्या पातळीवर, बोलणं कोणत्या पातळीवर, कोणत्या भाषेत तपासलं, दुभाषी कोण होतं, कान तपासले का, हे पाच मुद्दे हवेतच. स्पीच थेरपीकडे पाठवा. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ० ते १८ वर्षांची मुलं येतात, त्यामुळे डीईआयसी म्हणजे जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राचा रस्ता आईला नीट समजावून द्या. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राबद्दल मात्र जपून बोला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत वाचा-भाषा आहे, पण तिथली व्याख्या शारीरिक वा मज्जासंस्थेच्या कारणाने आलेल्या कायमच्या दिव्यांगत्वाची आहे. साडेतीन वर्षांच्या उशिरा बोलणाऱ्या मुलाला ती आपोआप लागू होत नाही, आणि आपण "कार्ड मिळेल" म्हणालो की घरातले पुढचे चार महिने कार्डामागेच धावतात.

त्या साडेचार वर्षांच्या मुलाला मी गोळी लिहिली नाही. बेरा, स्पीच थेरपी, आणि वर्गातल्या बाईंना एक चिठ्ठी: एका वेळी एकच सूचना, वस्तू दाखवून, त्याच्याकडे तोंड करून. केसपेपरवर तीन महिन्यांनंतरची तारीख टाकली आणि आईला म्हटलं, "अक्का, पुढच्या वेळी येताना आजीला पण घेऊन या. तो जास्त कुणाशी बोलतो ते मला बघायचंय."